धान्याचा पीकविमा : उतारा घटला किंवा भाव पडला, तर पैसे नेमके कशाचे मिळतात?

काढणी उरकल्यावर विम्याची कागदं घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "डोळ्यांदेखत पीक गेलं, मग पैसे का नाही आले?" किंवा आले असतील तर, "एवढेच का?" या प्रश्नाचं उत्तर शेतात शोधून सापडत नाही, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. विमा कंपनी एक आकडा हमी म्हणून लिहून देते. हंगामाच्या शेवटी दुसरा आकडा मोजला जातो. दुसरा पहिल्यापेक्षा जेवढा कमी भरेल तेवढ्याचीच भरपाई मिळते. हमीचा आकडा कोणाच्या उताऱ्यावरून काढला, तो कुठल्या भावाने गुणला आणि शेवटचा आकडा कोण, कुठे मोजणार, ही तीन उत्तरं पेरणीआधी हातात असली की पुढे धक्का बसत नाही. हा लेख ती उत्तरं काढण्यासाठीच आहे. गहू, मका, भात, ज्वारी, सोयाबीन, पीक कुठलंही असो, गणित तेच. शेजारी वही-पेन ठेवून वाचलात तर जास्त उपयोग होईल.

आधी ओळखा : तुमच्या हातातला विमा कुठल्या जातीचा आहे

"पीकविमा" या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार वैयक्तिक उत्पादनाचा. यात तुमच्याच शेताच्या जुन्या नोंदींवरून हमी ठरते आणि तुमच्याच शेतात निघालेलं धान्य मोजलं जातं. दुसरा प्रकार क्षेत्राधारित. इथे गाव, गावांचा गट किंवा तत्सम एक विमा घटक ठरवतात, त्या संपूर्ण घटकाचा सरासरी उतारा काढतात आणि त्यावरून घटकातल्या सगळ्या विमाधारकांना एकाच टक्केवारीने भरपाई देतात. तिसऱ्या प्रकारात पीक कोणी मोजतच नाही. ठरलेल्या केंद्रावर पाऊस किंवा तापमान मोजतात, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला की पैसे देतात. चौथ्यात उतारा आणि भाव यांचा गुणाकार, म्हणजे एकरी किंवा हेक्टरी उत्पन्नच, विम्याने धरलेलं असतं. भाव पडल्याचं नुकसान विम्यातून भरून मिळण्याचा रस्ता या चौथ्या प्रकारातच आहे.

क्षेत्राधारित पद्धतीबद्दल राग पुष्कळ ऐकू येतो, आणि तो मला समजतो. "माझ्या शेतात गारपीट झाली, मग गावाची सरासरी मला कशाला सांगता?" पण ही पद्धत का आली तेही पाहायला हवं. भारतात १९७२ साली गुजरातेत एच-४ या वाणाच्या कापसापासून विम्याचा जो प्रयोग सुरू झाला तो वैयक्तिक पद्धतीचा होता. तो फार पसरू शकला नाही. लाखो छोट्या शेतांच्या मागच्या नोंदी नाहीत, प्रत्येक बांधावर माणूस पाठवून मोजमाप करणं परवडत नाही आणि शेतकऱ्याने मशागत नीट केली की नाही हे तपासणं त्याहून अवघड. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली यावर क्षेत्राधारित विम्याची मांडणी केली. परिसराचा उतारा एकटा माणूस हलवू शकत नाही, म्हणून लबाडीला वाव कमी आणि मोजणीचा खर्चही आवाक्यात. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा पाया हाच.

म्हणून पॉलिसी किंवा अधिसूचना हातात आली की सगळ्यात आधी "विमा घटक" हे शब्द शोधा. घटक म्हणून तुमचं शेत लिहिलं आहे की गाव, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हमीचा उतारा स्वतः काढून बघा

क्षेत्राधारित विम्यात या आकड्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीम स्तराने गुणतात. हा स्तर ७०, ८० किंवा ९० टक्के असतो. समजा एका घटकात गव्हाचा हेक्टरी उतारा सात वर्षांत ३१, १४, ३०, २८, ३२, १९ आणि २९ क्विंटल होता. १४ आणि १९ ही दोन पडती वर्षं गळाली. उरलेल्या पाचांची बेरीज १५०, सरासरी ३०. जोखीम स्तर ८० टक्के असेल तर उंबरठा २४ क्विंटल.

यंदा त्या घटकाची सरासरी १८ आली. तूट ६ क्विंटल. ६ भागिले २४, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या (पीक पूर्ण गेलं तर जास्तीत जास्त मिळू शकेल अशी पॉलिसीत लिहिलेली रक्कम) २५ टक्के भरपाई. इथे थोडं थांबा. ३० वरून १८ म्हणजे पीक ४० टक्क्यांनी घटलं आणि भरपाई आली २५ टक्के. यात चूक काहीच झालेली नाही. पहिली २० टक्के घट तुमच्या अंगावर राहणार हे स्तर ठरला तेव्हाच ठरलं होतं, आणि पुढची तूट उंबरठ्याच्या प्रमाणात मोजली. हे आधी माहीत नसलं की फसवल्यासारखं वाटतं.

याच उदाहरणात तुमच्या स्वतःच्या शेतात ८ क्विंटल निघाले आणि घटकाची सरासरी २५ आली, तर भरपाई शून्य. उलट घटक १८ वर असताना तुमच्याकडे २८ निघाले, तरी तुम्हाला २५ टक्के मिळणार. क्षेत्राधारित विमा दुष्काळ, मोठा पूर, सर्वदूर पसरलेला रोग अशा संकटांत चांगला चालतो. एकट्या शेतावरच्या आघातात तो लंगडा पडतो. त्यासाठी गारपीट, भूस्खलन, शेतात पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तींचं वेगळं संरक्षण असतं, पण ते यंदा तुमच्या राज्यात लागू आहे का हे अधिसूचनेत पाहूनच समजेल. राज्यांना काही जोखमी घेण्याची किंवा वगळण्याची मुभा असते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

वैयक्तिक विम्यात हमी तुमच्या वहीवर उभी असते. अमेरिकेत धान्याच्या विम्यासाठी त्या शेताच्या किमान चार आणि जास्तीत जास्त दहा वर्षांच्या प्रत्यक्ष उताऱ्याची सरासरी धरतात. दहा वर्षांचे आकडे ३२, २८, ३५, ३०, १२, ३३, ३१, ३६, २९ आणि ३४ असतील तर सरासरी ३०. त्यातलं १२ चं वर्ष नसतं तर ती ३२ झाली असती. एका वाईट वर्षाने हमीचा पाया दोन क्विंटलने खाली ओढला. आता ज्याच्याकडे चारच वर्षांच्या नोंदी आहेत, ३२, ३०, १२ आणि ३४, त्याची सरासरी २७ वर येते. नोंदी जितक्या जास्त वर्षांच्या, तितका एका वाईट वर्षाचा मार सौम्य. आणि नोंदीच नसतील तर? अमेरिकन पद्धतीत अशा शेतकऱ्याला जिल्ह्यासाठी ठरवलेल्या उताऱ्याच्या फक्त ६५ टक्के धरून सुरुवात करावी लागते. वर त्याच्यावर स्तराची टक्केवारी लागते ती वेगळीच. तुम्ही कितीही उत्तम शेती करत असा, कागद नसेल तर विम्याच्या लेखी तुम्ही सरासरीच्याही खालचे.

काय जपायचं? प्रत्येक शेताची स्वतंत्र काटा पावती, विक्रीची बिलं, पेरणी आणि काढणीच्या तारखा, पेरलेलं क्षेत्र, आणि धान्यातला ओलावा. ओलाव्याची नोंद बरेच जण सोडून देतात, आणि मला त्याची हळहळ वाटते, कारण पैसा तिथेही गळतो. २० टक्के ओलाव्याचं १०० क्विंटल धान्य १४ टक्क्यांवर आणलं तर ते ९३ क्विंटल उरतं (१०० गुणिले ८० भागिले ८६). भरपाईच्या वर्षी मोजणाऱ्याने ओलं वजन तसंच धरलं तर कागदावर तुमचं पीक सात क्विंटलने फुगतं आणि भरपाई तेवढीच आटते.

स्तर निवडताना हप्त्याकडे नंतर बघा, खर्चाकडे आधी

काही योजनांत स्तर ठरवूनच दिलेला असतो, तिथे निवड नसते. जिथे आहे तिथे, उदाहरणार्थ अमेरिकेत ५० पासून ८५ टक्क्यांपर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी, बहुतेक जण हप्ता बघून निवड करतात. माझा आग्रह उलटा आहे. सरासरी वर्षाच्या उत्पन्नातला किती हिस्सा रोख खर्चात जातो ते आधी काढा : बियाणं, खतं, औषधं, मजुरी, इंधन, जमिनीचा खंड, कर्जाचा हप्ता. हा हिस्सा ७२ टक्के निघाला आणि तुम्ही ६० टक्क्यांचा स्तर घेतला, तर वाईट वर्षी विमा तुम्हाला ६० पर्यंतच उचलून आणेल. मधले १२ टक्के कुठून भरणार? गाठीला साठा असेल, खंडाची जमीन नसेल, घरात दुसरं उत्पन्न असेल तर ते झेपेलही. नसेल तर ती तूट पुढच्या हंगामाच्या बियाण्यातून जाते.

वरच्या पायऱ्या महाग का असतात? पीक अर्ध्यावर येण्याची वेळ क्वचित येते, पण पंधरा-वीस टक्क्यांनी घटण्याची वेळ वारंवार येते. ८० वरून ८५ वर जाताना तुम्ही ती वारंवारची छोटी नुकसानं विकत घेत असता, म्हणून हप्ता एकदम चढतो. छोटं नुकसान खिशातून सोसता येत असेल तर तिथे पैसे घालू नका, मोठ्या नुकसानीसाठी घाला.

सरकारी मदत असलेल्या योजनेत हप्त्याचा मोठा वाटा सरकार उचलतं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा जास्तीत जास्त किती असेल हे ठरलेलं आहे : धान्य, कडधान्य, गळीत पिकांना खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीत १.५ टक्के, आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के.

शेतं वेगळी धरायची की एकत्र

वैयक्तिक विम्यात हा प्रश्न येतो आणि तो पुरेसा विचार न करता उरकला जातो. एक उदाहरण घ्या. तुमची दोन शेतं आहेत, प्रत्येकी १० हेक्टर. एक नदीकाठी, दुसरं माळावर. दोन्हींची सरासरी ३०, स्तर ७५ टक्के, म्हणून हमी हेक्टरी २२.५ क्विंटल. यंदा पूर आला. नदीकाठच्या शेतात हेक्टरी ८ निघाले, माळावर ३४.

शेतं स्वतंत्र धरली असतील तर नदीकाठी हेक्टरी १४.५ ची तूट, म्हणजे १४५ क्विंटलची भरपाई. माळावरचं चांगलं पीक त्यात आडवं येत नाही. एकत्र धरली असतील तर हमी ४५० क्विंटल, निघालेलं धान्य ८० आणि ३४० मिळून ४२०, भरपाई फक्त ३० क्विंटलची. एकत्र धरण्याचा हप्ता अर्थातच बराच कमी असतो, कारण एक शेत दुसऱ्याला सावरून घेतं. सगळी जमीन एकाच पट्ट्यात, एकाच प्रकारची असेल तर एकत्र घ्या आणि वाचलेल्या पैशातून स्तर वाढवा. नदी आणि माळ असा फरक असेल तर स्वतंत्र घेण्याला खरा अर्थ आहे. मात्र स्वतंत्र घेतलीत तर धान्यही स्वतंत्र मोजून स्वतंत्र साठवावं लागेल. दोन्ही शेतांचं एकाच कोठारात ओतलं की कुठलं किती हे सिद्ध करता येत नाही.

भाव पडला तर : २०१२ आणि २०१३ ची दोन गणितं

भावाचा विमा समजून घ्यायचा तर अमेरिकेच्या मक्याकडे पाहावं, कारण तिथे या दोन्ही जोखमी एका पॉलिसीत बांधण्याचं काम सर्वांत पुढे गेलं आहे. तिथला सरकारी पीकविमा १९३८ च्या कायद्याने, धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केलेल्या दशकात, गव्हापासून सुरू झाला. तेव्हा तो फक्त उताऱ्याचा होता. उत्पन्नाचा विमा १९९६ पासून विकला जाऊ लागला.

भाव ठरवण्याची रीत अशी. शिकागोच्या वायदेबाजारात डिसेंबरचा मक्याचा वायदा असतो, म्हणजे डिसेंबरात माल देण्या-घेण्याचा आधीच भाव ठरवून केलेला करार. त्या वायद्याच्या फेब्रुवारीतल्या रोजच्या भावांची सरासरी म्हणजे अंदाजित भाव. त्याच वायद्याची ऑक्टोबरातली सरासरी म्हणजे काढणीचा भाव. तुमच्या व्यापाऱ्याने दिलेला भाव यात कुठेच येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता २०१२ घ्या. मक्याच्या पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला. अंदाजित भाव बुशेलला ५.६८ डॉलर होता, काढणीचा ७.५० झाला. मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो. समजा एका शेतकऱ्याची सरासरी एकरी १६० बुशेल, स्तर ८० टक्के, म्हणून हमीचा उतारा १२८. त्याच्या शेतात ८० बुशेल निघाले. तीन प्रकारच्या पॉलिसी त्याला किती देतील ते एकाखाली एक मांडून पाहा :

फक्त उताऱ्याचा विमा असेल तर तूट ४८ बुशेल, गुणिले ५.६८. एकरी २७२.६४ डॉलर.

उत्पन्नाचा विमा असेल, पण हमी अंदाजित भावालाच बांधलेली असेल, तर हमी १२८ गुणिले ५.६८, म्हणजे ७२७.०४. प्रत्यक्ष उत्पन्न ८० गुणिले ७.५०, म्हणजे ६००. भरपाई १२७.०४.

उत्पन्नाचा विमा आणि त्यात काढणीचा भाव चढला तर हमीही चढेल अशी सोय असेल, तर हमी १२८ गुणिले ७.५०, म्हणजे ९६०. त्यातून ६०० वजा. भरपाई ३६०.

मधला आकडा पुन्हा बघा. "भावासह विमा" म्हणून घेतलेल्या पॉलिसीने साध्या उताऱ्याच्या विम्याच्या निम्म्याहूनही कमी दिलं. कारण भाव चढल्याने हातातल्या ८० बुशेलची किंमत वाढली आणि ती वाढ भरपाईतून वजा झाली. यात अन्याय नाही, उत्पन्न खरंच कमी घटलं होतं. पण ज्याने वसंतातच एकरी १०० बुशेल आगाऊ विकून ठेवले होते त्याची अवस्था पाहा. त्याच्याकडे ८० आहेत, द्यायचे १०० आहेत. उरलेले २० त्याला ७.५० ने विकत घेऊन भरायचे आहेत. त्याच्यासाठी तिसरी पॉलिसीच उपयोगाची, कारण ती हमीपेक्षा कमी पडलेलं धान्य काढणीच्या चढ्या भावाने भरून देते. आगाऊ विक्री करणाऱ्याने ही सोय घेतलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

२०१३ मध्ये चित्र उलटलं. पीक भरघोस आलं. अंदाजित भाव ५.६५ होता, काढणीला ४.३९ उरला. आपल्या शेतकऱ्याकडे त्याची सरासरी, पूर्ण १६० बुशेल निघाले. उताऱ्याच्या विम्यातून शून्य. उत्पन्नाच्या विम्यात हमी १२८ गुणिले ५.६५, म्हणजे ७२३.२०, आणि प्रत्यक्ष उत्पन्न १६० गुणिले ४.३९, म्हणजे ७०२.४०. भरपाई २०.८०. शेतात एक कणीसही वाया गेलेलं नाही, तरी पैसे मिळाले. याच वर्षी उतारा थोडासा घसरून १५० वर आला असता तर भरपाई ६४.७० झाली असती. उतारा आणि भाव दोन्ही थोडे-थोडे घसरले की प्रत्येकाचं नुकसान एकटं पाहिलं तर किरकोळ वाटतं, पण गुणाकारात ते मोठं होतं. उत्पन्नाच्या विम्याचं खरं बळ इथे आहे.

मात्र २०.८० हा आकडा किती छोटा आहे तेही पाहा. भाव २२ टक्क्यांनी पडला होता, त्यातले २० टक्के तुमच्या अंगावर, वरच्या दोनेक टक्क्यांचेच पैसे. आणि हमी दर वर्षी त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून नव्याने मोजली जाते. २०१३ चा अंदाजित भाव ५.६५, २०१४ चा ४.६२, २०१५ चा ४.१५, २०१६ चा ३.८६. तीन वर्षांत पाया ३२ टक्क्यांनी खाली आला. प्रत्येक पॉलिसी आपापल्या हंगामातली घसरण सांभाळते. वर्षानुवर्षं उतरत जाणाऱ्या बाजाराला तिच्यात उत्तर नाही. अशा काळात खंड कमी करून घेणं, कर्जाची मुदत वाढवून घेणं, पीक बदलणं हेच मार्ग उरतात.

दुसरी फट स्थानिक भावाची. वायदेबाजार स्थिर राहिला आणि तुमच्या भागात साठवणुकीला जागा नाही, वाहतूक अडली किंवा प्रत खराब म्हणून कपात झाली, तर ते नुकसान या विम्यात येत नाही. क्षेत्राधारित विम्यात गावाची सरासरी आणि तुमचं शेत यांत जशी फट राहते, तशीच ही बाजार आणि तुमच्या पावतीतली फट.

ज्या योजनेत भाव धरलेलाच नाही तिथे काय? भारताच्या पीक विमा योजनेत फक्त उतारा आहे. किमान आधारभूत किंमत ही वेगळी व्यवस्था आहे आणि दोन्हींचा हिशोब एकत्र होत नाही. अशा ठिकाणी भावाची बाजू आगाऊ करार, वायदे किंवा साठवणूक यांनी स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. त्यात एक पथ्य पाळा : विम्याने जितक्या उताऱ्याची हमी दिली आहे त्याहून जास्त माल आगाऊ विकू नका.

तारखा

विमा घ्यायची शेवटची तारीख हंगामाच्या तोंडाशी असते, आणि ती ताणून मिळेल या भरवशावर राहू नका. पाऊस हुलकावणी देणार हे दिसू लागल्यावर सगळेच विमा घ्यायला धावले तर योजना बुडेल, म्हणून ती तारीख कडक. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ती १५ मार्च आहे, पेरणीच्याही आधी.

त्यानंतर पेरलेल्या क्षेत्राची माहिती द्यावी लागते. इथे अर्ध्या एकराचीही चूक करू नका. नोंद कमी असेल तर भरपाई कमी, जास्त असेल तर दावा अडतो. कागदावरचं पीक आणि शेतातलं पीक एकच असायला हवं.

पेरणी लांबली तर काय होतं ते वाचून ठेवा. अमेरिकेत ठरलेल्या तारखेनंतर मक्याला २० आणि सोयाबीनला २५ दिवसांची उशिराची मुदत असते, आणि त्यात रोज १ टक्का हमी घटते. पेरणीच होऊ शकली नाही तर मक्याला हमीच्या ५५ टक्के मिळतात. भारतीय योजनेत, जिथे हे संरक्षण लागू केलं आहे तिथे, घटकातलं बहुतांश क्षेत्र नापेर राहिलं तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के मिळतात आणि त्या हंगामापुरता विमा तिथेच संपतो.

नुकसान दिसलं त्या दिवशी

पहिलं काम कळवण्याचं. भारतात स्थानिक आपत्तीसाठी आणि अमेरिकेत कुठल्याही नुकसानीसाठी मुदत ७२ तासांची आहे. शेतात पाणी असताना, घरचे सगळे खचलेले असताना हे तास कसे निघून जातात ते मी पाहिलं आहे. म्हणून पॉलिसी क्रमांक, कळवण्याचा क्रमांक आणि शेताचा गट क्रमांक एका कागदावर लिहून हंगामभर भिंतीवर लावून ठेवा. कळवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक लगेच लिहून घ्या.

फोटो काढताना नुसतं आडवं पडलेलं पीक काढू नका. बांध, विहीर, झाड, असं काहीतरी ओळखीचं चौकटीत येऊ द्या, म्हणजे शेत कुठलं याबद्दल वाद उरत नाही. मोबाइलमधली ठिकाणाची नोंद चालू ठेवा.

पाहणी होईपर्यंत पीक मोडू नका. पुढच्या पिकाची घाई असते, मला कळतं, पण नांगर फिरवला की पुरावा गेला. अगदीच थांबता येत नसेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि त्यांनी सांगितलेल्या मापाचे उभे पट्टे शेतात राखा. कापून शेतात सुकायला पसरलेल्या पिकाचं पावसाने नुकसान झालं तर भारतीय योजनेत काढणीपश्चात संरक्षण असतं, कापणीपासून १४ दिवसांपर्यंत, पण इथेही ते यंदा लागू आहे का हे आधी पाहा. ढीग घातलेल्या धान्याचा प्रश्न वेगळा, तो बहुधा यात येत नाही.

क्षेत्राधारित विम्यात : पीक कापणी प्रयोगाला हजर राहा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. गावाचा उतारा ज्यावरून ठरतो तो पीक कापणी प्रयोग लोकांच्या डोळ्यांसमोर होतो, पण बघायला फारसं कोणी जात नाही. यादृच्छिक नमुन्याने शेत निवडून कापणी करायची ही पद्धत भारतात १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस आणि पां. वा. सुखात्मे यांच्या कामातून घडली. शेत चिठ्ठीसारखं निवडलं जातं. शेतात कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं तेही यादृच्छिक आकड्यांनी ठरतं, म्हणजे कोणी चांगला किंवा वाईट तुकडा निवडू शकत नाही. मग खुंट्या ठोकून दोरीने आयत आखतात. बहुतेक राज्यांत धान्यासाठी तो १० मीटर बाय ५ मीटरचा असतो. आतलं पीक कापतात, मळतात, उफणतात, तोलतात आणि वाळल्यावरचं वजन धरतात.

५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तराजूतला प्रत्येक किलो हेक्टरी दोन क्विंटल होतो. अर्ध्या किलोची चूक म्हणजे हेक्टरी एक क्विंटल. आपल्या वरच्या उदाहरणात उंबरठा २४ होता. त्या घटकातल्या सगळ्या प्रयोगांत सरासरी अर्धा किलो जास्त नोंदलं गेलं, तर १८ चे १९ होतात आणि भरपाई २५ टक्क्यांवरून २१ वर येते, सगळ्या गावाची.

म्हणून तिथे उभं राहून पाहा. दोरी ताणलेली आहे का, की सैल पडून आयत फुगलाय? काटकोन धरलाय का? दोरीवर आलेल्या ताटांचं काय? ज्याचं मूळ आत आहे ते आत, मग त्याची ओंबी बाहेर झुकलेली का असेना. पोतं रिकामं असताना तोललं होतं का? ओल्या वजनानंतर वाळवलेल्या धान्याचं वजन वेगळं नोंदलं का? पंचांची सही कोऱ्या फॉर्मवर नको, आकडे भरल्यानंतर. वाद घालायला जायचं नाही, नीट मापाला साक्ष राहायला जायचं. मोजणाऱ्या कर्मचाऱ्यालाही चार माणसं दोरी धरायला मिळाली तर बरंच वाटतं.

भरपाई आली की, किंवा नाही आली तरी

पैसे जमा झाल्याचा संदेश आला की वही उघडा आणि पाच आकडे मागा : सरासरी उतारा, स्तर, हमीचा किंवा उंबरठा उतारा, प्रत्यक्ष धरलेला उतारा, आणि क्षेत्र. उत्पन्नाचा विमा असेल तर दोन भावही. स्वतः गुणाकार करा. फरक आला तर तो कुठल्या आकड्यात आहे ते आधी ठरवा. "पैसे कमी आले" या तक्रारीला उत्तर मिळायला महिने लागतात. "तुम्ही क्षेत्र १.२ हेक्टर धरलं आहे, माझ्या पावतीवर २.१ आहे" या तक्रारीचा निकाल लवकर लागतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि ठरलेल्या मुदतीत द्या.

उत्पन्नाच्या विम्यात एक दावा हमखास राहून जातो. पीक चांगलं आलं, शेतात नुकसान दिसलं नाही, म्हणून शेतकऱ्याने कळवलंच नाही, आणि भाव पडल्यामुळे त्याचा हक्क मात्र तयार झालेला होता. अमेरिकेत काढणीचा भाव जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत असा दावा कळवावा लागतो. धान्य भरून झालं, सगळं नीट पार पडलं असं वाटत असतानाच तो भाव बघायचा, आपल्या उताऱ्याने गुणायचा, आणि हमीपेक्षा कमी भरला तर त्याच आठवड्यात कळवायचं.